वर्ण: निमगोरा

१६ एप्रिल २०२५, बुधवार

अप्पा अजून आले नाहीत. काल सकाळी साडेनऊला गेले ते गेलेच!

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, सांगून गेले. "अप्पा बाजारला गेलेत. आले न्हाईत अजून. बघून येतो." त्यांचे अप्पा, म्हणजे आमचे मलप्पा आज्जा, त्यांना जाऊन बेचाळीस वर्षं झाली. पण गेल्या दिवाळीपासून अप्पा रोजच त्यांना शोधतात. फाटकापर्यंत जातात, गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात, दहा मिनिटांनी परत येतात. येतातच, म्हणून अव्वानं काल अडवलं नाही. भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत माणूस नाहीसा.

चाकूर ते केवढं! बसस्टँड, बाजार, मठ, शेतांकडचे रस्ते – सगळं पालथं घातलं. मोबाइल घरीच. अंगावर पांढरं धोतर आणि सदरा.

आज पोलीस ठाण्यात गेलो – मी, अव्वा आणि लातूरहून आलेला अमरेश, माझा धाकटा भाऊ. हवालदार भला माणूस. अव्वाला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग लिहायला बसले. नाव चंद्रप्पा. वय एकाहत्तर. उंची, बांधा, अंगातले कपडे. मग विचारलं, "वर्ण?"

"निमगोरा," अव्वा म्हणाली.

त्यांनी लिहिलं. निमगोरा. मी शेजारीच उभी होते.

पोस्टर मीच केलं. मला दुसरं येतं काय? उमाशंकरभाऊंच्या स्टुडिओत बारा वर्षं लोकांच्या फोटोंचे रंगच करत आले. फोटो गेल्या बसव जयंतीचा घेतला, अप्पांच्या सत्तरीच्या बॅनरसाठी काढलेला. नुसता चेहरा, अगदी जवळून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. वर मोठ्या अक्षरांत टाकलं – 'आमचे अप्पा हरवले आहेत'. अमरेश म्हणाला, "अक्का, नाव मोठं टाक की. आमचे अप्पा म्हंजी कुणाचे?" मी ऐकलं नाही. हे कुणाचे तरी आहेत, रस्त्यावरचे नाहीत, हे आधी कळू दे लोकांना! नाव खाली बारीक घातलं, त्याखाली माझा नंबर.

१७ एप्रिल, गुरुवार

पोस्टर सगळ्या ग्रुपवर फिरलं. फोन खूप आले. एकीनं विचारलं, "मंजुश्री, फोटो लई झकास आलाय गं अप्पांचा. तूच केलास का?"

फोन आपटावासा वाटला.

१८ एप्रिल, शुक्रवार

एका कंडक्टरला आठवलं. मंगळवारी धोतरवाले एक म्हातारे नांदेडच्या गाडीत चढले होते. मधूनमधून विचारत होते, बाजार आला का.

कुठला बाजार? आज्जा गठ्ठे घेऊन गावोगावच्या बाजारांत कापड विकायचे. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी. अव्वाला विचारलं तर म्हणाली, "नायगाव म्हणायचे बहुतेक. मला काय ठावं? मी तवा आल्तेच न्हाई ह्या घरात." अमरेश मोटरसायकलवर पोस्टरांचा गठ्ठा बांधून नांदेडला गेला.

आज बेचाळीस अंश. अप्पांच्या पायात चपला होत्या का? अव्वा म्हणते होत्या. पण दाराशी एक जोड दिसतोय. तो नवा की जुना, हे आम्हा दोघींनाही सांगता येईना. काय बायका आम्ही!

१९ एप्रिल, शनिवार

काही नाही.

२१ एप्रिल, सोमवार

आजचं आजच लिहिते.

अमरेशबरोबर नायगावला गेले होते. स्टँडपासून थोड्या अंतरावर एक हॉटेल. सिंधुबाई म्हणून बाई चालवतात. पोस्टर दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "ह्यो फोटो हाय की माझ्या मोबाइलमधी! गुरुवारी आल्ते एक म्हातारे. पांढरं धोतर. पाणी मागितलं. कापडाचा बाजार कुठं भरतो म्हणून इचारत होते. मला शंका आली म्हणून मी मोबाइलमधला ह्यो फोटो उघडून त्यांच्या तोंडापाशी धरला बघा. पर ह्ये तर गोरेगोमटे! त्ये लई सावळे होते. कपाळ बी मोकळं. म्हटलं, ह्ये त्ये न्हाईत. पोहे खाऊ घातले न् जाऊ दिलं."

तोंडापाशी धरला! हातभर अंतरावर एकीकडे अप्पा, एकीकडे मी केलेले अप्पा. आणि त्या बिचारीनं नीट बघून, विचार करून खऱ्याला जाऊ दिलं. तिची काय चूक? ती खरंच बघत होती. इतकं तर आम्ही घरातले कधी बघितलं नव्हतं.

परतताना लोह्याजवळ गाडीवर अमरेश म्हणाला, "अक्का, तू अप्पाला गोरं केलंस."

मी मागे बसले होते. हो म्हणाले. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

२२ एप्रिल, मंगळवार

आता सगळं लिहून टाकते. इथं कोण वाचणार आहे?

मी केलं. बॅनर करताना त्यांच्या गालांचा तपकिरी रंग उचलून गुलाबीकडे नेला. सुरकुत्या गुळगुळीत केल्या. डाव्या नाकपुडीशेजारची मस पुसली. डोळ्यांखालचं काळं काढलं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. कुणी सांगितलंही नव्हतं. सांगावं लागतच नाही! स्टुडिओत फोटो उघडला की हात आपोआप तिकडे जातो. नवरी असो, जावळाचं लेकरू असो, वर्षश्राद्धाचा म्हातारा असो – आधी गोरं, मग बाकीचं.

बॅनर लागलं तेव्हा सगळे म्हणाले, चंद्रप्पा नवरदेव दिसायलेत! अप्पा बॅनरखाली उभे राहून वर बघत बसले आणि म्हणाले, "ह्ये कोण पाव्हणं?" सगळे हसले. मला वाटलं, चेष्टा केली. मीही हसले.

चेष्टा नव्हती ती.

मूळ फोटो नाही. दिवाळीनंतर उमाशंकरभाऊंनी हार्डडिस्क रिकामी केली, माझा जुना मोबाइल मी मोडीत दिला. घरातले बाकीचे फोटो काढून बघितले. अमरेशचं लग्न, वास्तुशांती, जत्रा – सगळीकडे अप्पा गोरे. सगळे अल्बम मीच केलेले ना! आधार कार्डावर तर माणूस आहे की ज्वारीचं पोतं, तेही कळत नाही. एकाहत्तर वर्षं माणूस या घरात वावरला आणि त्याचा एक खरा फोटो नाही. आणि मी म्हणे फोटोवाली!

अव्वाला काय बोलू? 'निमगोरा' हा शब्द आमच्या घरात माझ्यासाठीच तर आला. अकरा स्थळं बघून गेली. प्रत्येक बायोडेटात – वर्ण निमगोरा. आणि मी स्वतः पांढरा करून लावलेला माझा फोटो. पाव्हणे दारात आले की त्यांच्या तोंडावर कळायचं. चहा पिता पिता त्यांच्यातली एखादी बाई अव्वाला म्हणायची, "लेक बापावर गेलीय, न्हाई का?" अव्वा म्हणायची, "न्हाई हो, उन्हानं रापलीय."

२३ एप्रिल, बुधवार

दिवसभर कॉम्प्युटरसमोर. फोटो नुसता काळा केला तर अप्पांना काजळी फासल्यासारखं दिसतं. पिवळा वाढवला तर कावीळ. लाल वाढवला तर दारुडा! सोळा प्रती केल्या. सोळा म्हातारे तयार झाले. एकही अप्पा नाही.

उमाशंकरभाऊ मागे येऊन उभे राहिले. "मंजू, गोरं करायला पाच मिन्टं लागतात. उलटं करायचं आजवर कुणी मागितलंच न्हाई बघ."

अमरेशला फोन केला, अप्पांचा रंग नक्की कसा रे? म्हणाला, गव्हाळच की. अव्वाला विचारलं. "निमगोरा." मी ओरडलेच तिच्यावर. "अव्वा, पन्नास वर्षं संसार केलास! एकदा तरी तोंडाकडं बघितलंस का त्यांच्या?"

ती आत गेली. जेवली नाही. मीही नाही. आणि मला तरी कुठं आठवतोय? डोळे मिटले की बॅनरवालाच येतो समोर. त्यानं आतलाही पुसला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज लॅपटॉप घरी आणला. खिडकीपाशी बसले होते. अव्वानं सकाळी नेहमीसारखी अप्पांची विभूतीची गोळी आणि पाण्याची वाटी खिडकीत ठेवलेली. दहा दिवस झाले, रोज ठेवते. रोज दुपारी उचलते.

गोळीवर ऊन पडलं होतं. बघता बघता दुकान आठवलं. अप्पांचं कापडाचं दुकान, अरुंद, आत ट्यूबलाइट. गिऱ्हाइकानं रंगाबद्दल विचारलं की अप्पा ताग्याचं टोक धरून त्याला बाहेर उन्हात न्यायचे. "दिव्याखाली रंग बघू ने, पाव्हणं." मग स्वतःच्या धोतराचा सोगा त्या कापडाशेजारी धरायचे. "पांढऱ्याशेजारी ठिवलं की कुठल्या बी रंगाचं सोंग उतरतंय."

मी फोटोतल्या विभूतीकडे बघितलं. गुलाबी! राखेचे पट्टे गुलाबी कसे? मी चेहऱ्याला गुलाबी करताना तीही झाली असणार. एक वर्ष बॅनर बघितलं, पोस्टर हजार वेळा बघितलं, दिसलंच नाही.

कॉम्प्युटरमध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतल्या एखाद्या ठिकाणी टेकवून सांगायचं की इथं काहीच रंग नाही, त्या हिशेबानं बाकीचं लाव. तो मधल्या पट्ट्यावर टेकवला. एकदा क्लिक केलं.

आणि गुलाबी उतरलं. सगळ्या चेहऱ्यावरून, एकदम! आत तपकिरी होता. फिका, पण होता.

"अव्वा!" म्हणून हाक मारली. ती आली. पदराला हात पुसत बघत राहिली. काल भांडलेली, तरी आली. म्हणाली, "आता जरा वाटायलेत. पर अजून न्हाई."

"किती गडद करू? कशावरून करू, सांग ना!"

तिनं माझं मनगट धरलं. बाही वर सारली आणि हात ओढून खिडकीतल्या उन्हात आणला, फोटोतल्या गालाशेजारी. "ह्यो घे. ह्योच रंग हाय त्यांचा. आपण म्हणत न्हाई, पर ह्योच हाय."

मी गाल गडद करत आणला, माझ्या हाताला जुळेपर्यंत. हात भिजत होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी होतं की माझ्या, माहीत नाही. जुळला तेव्हा अप्पा समोर होते. थकलेले, काळेसावळे, विभूती लावलेले. पुसलेली मस पुन्हा रंगवली. अमरेश फोनवर म्हणाला उजवीकडे, अव्वा म्हणाली डावीकडे. डावीकडेच. लहानपणी कडेवर बसले की मी ती बोटानं दाबायचे आणि अप्पा तोंडानं भोंगा वाजवायचे.

या रंगाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आज तोच मिळावा म्हणून दोन दिवस उपाशी बसले होते.

२५ एप्रिल, शुक्रवार

नवं पोस्टर. छापण्याआधी अव्वाशी परत वाद. सिंधुबाई म्हणाल्या होत्या ना, कपाळ मोकळं. म्हणून विभूतीही पुसावी असं माझं म्हणणं. आंघोळ नाही, पूजा नाही, रस्त्यावरच्या माणसाला विभूती कोण लावणार? लोकांना तसेच दिसले पाहिजेत.

अव्वा ताडकन म्हणाली, "जित्या माणसाचं कपाळ मोकळं करतीस? हात लावून बघ!"

नाही लावला हात. पण तिचं चुकतंय असं मला अजून वाटतं.

ठाण्यात जाऊन वर्ण बदलून घेतला. हवालदारांनी विचारलं, काय लिहू? मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "काळासावळा लिवा. ह्या माझ्या लेकीवानी." आणि माझ्याकडे बोट केलं. ठाण्यात पाच-सहा माणसं होती. सगळ्यांनी बघितलं. बघू देत.

अमरेश पोस्टर घेऊन गेला. नांदेड, नायगाव, लोहा, कंधार, मुखेड. दिसेल त्या भिंतीला लावतो म्हणाला.

२७ एप्रिल, रविवार

नांदेडहून फोन. दवाखान्यात एक बेवारस. सत्तरीचे, धोतर, वर्ण सावळा. येऊन बघा.

अमरेश आत गेला. मी बाहेर बाकावर. अव्वाला सांगितलंच नव्हतं. एवढा वेळ मी कधीच कशाची वाट बघितली नाही. महादेवाला म्हणत होते, हे अप्पा नसू देत. मग वाटलं, आतही कुणाचे तरी अप्पा असतील.

अमरेश बाहेर आला, नाही म्हणून मान हलवली, भिंतीला टेकून खाली बसला.

निमगोरा होता तोवर कुणीच जुळत नव्हतं. खरा रंग दिला तर आता मेलेलेही जुळायला लागले. हे काय करून ठेवलं मी?

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. अव्वानं दार लावून घेतलं. मागच्या वर्षी याच दिवशी मी अप्पांना म्हटलं होतं, जरा उजेडात या, हसा. ते उजेडात आले होते. उजेडात आलेल्या माणसाचं मी काय केलं!

उमाशंकरभाऊंनी लग्नाचा अल्बम पाठवला. नवरीच्या आईचा निरोप – जरा उजळ करा. मी उघडून तसाच ठेवलाय. हात जात नाही.

२ मे, शुक्रवार

अमरेशची रजा संपली. जाताना म्हणाला, "अक्का, मनाची तयारी ठिव." अव्वानं ऐकलं. खिडकीतली गोळी आणि वाटी आज सकाळी तिनं ठेवली नाही.

मी ठेवली.

३ मे, शनिवार

त्रेचाळीस अंश. एकही फोन नाही.

४ मे, रविवार

सकाळी आठला कंधारहून फोन. स्टँडजवळ चहाची गाडी लावतात, भागवत म्हणून.

"ताई, तुमच्या पोस्टरवरचे बाबा काही दिसले न्हाईत. पण त्यांचा मुलगा इथं हाय. तीन दिवसांपासून पोस्टरपुढं बसून राहिला. तो बी म्हाताराच हाय, दाढी वाढलेली, लई खराब झालेला. मोठी अक्षरं वाचून दाखवून राहिला येणाऱ्या-जाणाऱ्याला – आमचे अप्पा हरवलेत, कुणी पाहिलं का? म्हणतो, माझ्या अप्पाच्या कपाळाला अशीच विभूती असायची. आज माझ्या मागंच लागला, ह्या नंबरला फोन लावा, सापडले का इचारा."

मी विचारलं, "त्यांच्या नाकाशेजारी मस आहे का? डावीकडे?"

फोनमध्ये नुसता स्टँडवरचा गोंगाट. ते बघायला गेले असावेत.

"हाव, हाय की ताई. बापासारखीच."

निघतोय. अव्वानं विभूतीची गोळी पदराच्या टोकाला बांधून घेतलीय.